उजनीच्या पाण्यावरची जुनी फेरीबोट: वर्षभराची निगा आणि दर फेरीची शिस्त

सोलापूर जिल्ह्याला समुद्र नाही, गोदी नाही, बोटी दुरुस्त करणारा कारखानाही नाही. तरीही करमाळा आणि माढा तालुक्यांच्या काठावरच्या माणसाला पलीकडे इंदापूर-दौंडच्या बाजूला जायचं तर उजनी धरणाने अडवलेलं भीमेचं पाणी ओलांडावं लागतं. रस्त्याने जायचं म्हटलं तर डिकसळकडचा पूल किंवा भीमानगरचा हायवे, आणि बऱ्याच गावांना हे दोन्ही वळसे लांबचे पडतात. म्हणून माणसं, मोटारसायकली, दुधाचे कॅन, आणि बोट तेवढी मोठी असेल तर एखादी जीपसुद्धा पाण्यावरून जाते. कोयनेच्या पाण्यावर तापोळ्याकडे अशा बोटीला तराफा म्हणतात, कोकणात दाभोळ-धोपाव्याला फेरीबोट. नाव काहीही असो, ती जुनी असेल तर तिची कामं ठरलेली असतात आणि ती वेळच्या वेळी झाली तर बोट पुढची बरीच वर्षं चालते.

हिशेबाला सोपं जावं म्हणून पुढे सगळीकडे एकच बोट धरली आहे. लांबी १२ मीटर, रुंदी ४ मीटर, सपाट तळ, ६ मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, पुढे खाली पडणारा रॅम्प, मागे ट्रकचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि लोखंडी दांड्याने (शाफ्टने) फिरणारा, बोट ढकलणारा एक पंखा. तुमची बोट लहान-मोठी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदलून घ्या.

धरणाचं वेळापत्रक हेच बोटीचं वेळापत्रक

उजनी पूर्ण भरलं की पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते आणि उपयुक्त साठा संपतो ती पातळी ४९१.०३ मीटर. म्हणजे भरलेल्या धरणापासून शून्य टक्क्यापर्यंत पाणी ५.८० मीटर उतरतं. त्याखालीही ६३.६६ टीएमसी (अब्ज घनफूट) मृतसाठा असतो, आणि टंचाईच्या वर्षी पाणी त्यातही खोल जातं. ‘उजनी उणे झालं’ असं आपण म्हणतो ते हेच. सपाट काठावर पाच-सहा मीटरची उतरण म्हणजे पाणी शेकडो मीटर मागे सरकतं आणि काल जिथे बोट लागत होती तिथे आज गाळपेर असते.

या उतरत्या पाण्याचाच गोदी म्हणून उपयोग करायचा. बोट ओढून वर काढायला क्रेन लागत नाही. योग्य जागी ठोकळे मांडून त्यांच्यावर बोट आणून उभी केली की पाणी खालून निघून जातं. मार्च-एप्रिलमध्ये बोट टेकवायची, मे अखेरपर्यंत पत्रा, वेल्डिंग आणि रंग उरकायचा. जुलैत पुण्याकडे पाऊस लागला आणि दौंडचा विसर्ग वाढला की पाणी भराभर चढतं. त्या वेळी भोक उघडं ठेवून बसलेल्या बोटीला कोणी वाचवू शकत नाही. फिटर आणि वेल्डर मात्र जानेवारीतच सांगून ठेवा. आपल्याकडे चांगले वेल्डर साखर कारखान्यांच्या ऑफ-सीझन दुरुस्तीत गुंततात आणि ती दुरुस्ती नेमकी याच महिन्यांत असते.

जागा मुरमाड बघा. काळ्या गाळात बोट कधीही बसू देऊ नका. सपाट तळाला चिखल असा घट्ट चिकटतो की पाणी परत आल्यावर बोट उठतच नाही आणि पाणी बाजूने चढून डेकवरून आत उतरतं. धडधाकट बोट जागच्या जागी बुडते ती अशी.

ठोकळ्यांसाठी नुसतं लाकूड चालत नाही, ते तरंगून जातं. काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर तारेने बांधलेली ५ सेंटिमीटर जाड फळी अशी जोडी करा. एकूण उंची ६० सेंटिमीटर ठेवली तर माणूस खाली सरकून काम करू शकतो. आतल्या आडव्या भिंती आणि फ्रेम जिथे आहेत त्यांच्याच खाली ठोकळे आले पाहिजेत. मोकळ्या पत्र्याखाली आले तर पत्रा आत दबतो. सगळ्या ठोकळ्यांची उंची गवंड्याच्या लेव्हल पाइपने जुळवा. रिकामी बोट साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर पाण्यात बसते, म्हणून मांडताना त्या जागी मीटरभराहून थोडं जास्त पाणी हवं. पुढच्या वर्षी ठोकळे अर्धा मीटर पुढे-मागे घ्या, कारण ठोकळ्याखालच्या जागेला रंग लागत नाही. तीच जागा दोन-तीन वर्षं उघडी राहिली की तिथेच भोक पडतं.

पत्रा

आधी आतल्या बंद कप्प्यांबद्दल, कारण इथे माणसं मरतात. वर्षभर झाकण लावून ठेवलेल्या लोखंडी कप्प्यात गंज हवेतला प्राणवायू खाऊन टाकतो. वास येत नाही, धूर दिसत नाही. आत उतरलेला माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. दोन्ही बाजूंची झाकणं एक पूर्ण दिवस उघडी ठेवा, ब्लोअरने ताजी हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस कायम उभा ठेवा. डिझेलच्या टाकीला लागून वेल्डिंग करायचं असेल तर टाकी रिकामी करून, धुऊन, वाफ निघून गेल्याशिवाय हात लावायचा नाही.

पत्रा तपासायला टोकदार हातोडी पुरते. शाबूत पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो आणि हातोडी त्यात रुतते. सगळ्यात आधी पाणी आणि हवा जिथे भेटतात तो पट्टा बघा, म्हणजे पाणरेषेच्या वर-खाली वीतभर. मग इंजिनाखालचा तळ, जिथे तेलकट पाणी साचतं. मग रॅम्पच्या बिजागरीमागचा कोपरा. शंका आली तिथे जाडी मोजा. अल्ट्रासॉनिक गेज (ध्वनिलहरींनी जाडी मोजणारं यंत्र) भाड्याने मिळालं तर उत्तम, नाहीतर ६ मिलिमीटरचं भोक पाडून टोकाला हूक असलेल्या पट्टीने मोजा आणि भोक वेल्डने बुजवा. सहाचा पत्रा साडेचारच्या खाली गेला असेल, म्हणजे चौथा हिस्सा झिजला असेल, तर तो बदलायचाच.

बदलायचा म्हणजे कापून नवा बसवायचा. वरून ठिगळ मारणं स्वस्त पडतं, पण जुन्या आणि नव्या पत्र्याच्या मध्ये पाणी शिरतं आणि दोन्ही पत्रे आतून खातं. बाहेरून रंग ताजा दिसत असतो, म्हणून हे कळतही नाही. जुनी बोट विकत घेताना तळाला किती ठिगळं आहेत ते आधी मोजा. दहा-बारा दिसली तर ती बोट सोडून द्यावी.

कापताना कोपरे गोल ठेवा, निदान ५० मिलिमीटर त्रिज्येचे. चौकोनी कोपऱ्यातून वेल्डला चीर जाते. नवा पत्रा त्याच जाडीचा घ्या. ३.१५ मिलिमीटरच्या ६०१३ नंबरच्या वेल्डिंग रॉडने आधी सगळीकडे टाके मारा, मग थोडं या बाजूला, थोडं समोरच्या बाजूला असं वेल्ड करा. एका दमात एकाच दिशेने ओढलं तर पत्रा पापडासारखा वाकतो.

वेल्ड झाला की चुन्याची कसोटी. बाहेरून वेल्डवर चुन्याचा पातळ हात द्या आणि सुकू द्या. आतून त्याच रेषेवर रॉकेल किंवा डिझेल लावा आणि दोन-तीन तास थांबा. सुईच्या टोकाएवढं भोक असेल तरी पांढऱ्या चुन्यावर पिवळट ओला ठिपका उमटतो आणि हळूहळू पसरतो. ठिपका दिसला की तेवढा भाग ग्राइंडरने उघडून परत भरा. वरून नुसता रॉड टेकवून चालत नाही.

रंग, आणि मे महिन्यातलं ऊन

पाण्याखालच्या भागाला कोलटार इपॉक्सी चांगला, म्हणजे दोन डबे कालवून लावायचा डांबरी रंग. तळ ४८ चौरस मीटर, बाजूंचा ६० सेंटिमीटरचा पट्टा १९, मिळून ६७. दोन हात म्हणजे १३४ चौरस मीटर. प्रत्येक हाताची सुकी जाडी १२५ मायक्रॉन धरली तर प्रत्यक्षात लिटरला चारेक चौरस मीटर होतात, म्हणजे ३५ लिटर आणा.

आपल्याकडे मेमध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि दुपारी पत्र्यावर हात टेकवत नाही. दोन डब्यांचा रंग त्या उष्णतेत डब्यातच घट्ट होतो आणि तापलेल्या पत्र्यावर लावला तर वरून सुकून आत बुडबुडे धरतो. सकाळी सहाला सुरुवात करून नऊला थांबा. एका वेळी दोन-अडीच लिटरच कालवा आणि डबा सावलीत, ओल्या गोणपाटात ठेवा. रंगाआधी गंज तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत काढा. गंजावर मारलेला महागातला रंगही पापुद्र्यासारखा सुटतो.

गंज रोखायला तळाला जे धातूचे ठोकळे लावतात त्यात फसगत फार होते. मुंबईकडून येणारे बहुतेक ठोकळे जस्ताचे असतात आणि ते खाऱ्या पाण्यासाठी आहेत. गोड्या पाण्यात ते जवळजवळ निष्क्रिय राहतात. उजनीला मॅग्नेशियमचेच लावा, पंखा आणि सुकाणूच्या जवळ, आणि त्यांच्यावर रंग अजिबात लागू देऊ नका.

पंखा, शाफ्ट आणि जलपर्णी

उजनीत इंजिन बंद पडण्याची दोन कारणं पुन्हा पुन्हा येतात: जलपर्णी आणि तुटकी नायलॉनची जाळी. जलपर्णीची मुळं इंजिन गार करणाऱ्या पाण्याच्या जाळीवर बसतात, पाणी बंद होतं आणि तापमान चढतं. जलपर्णी असेल तेव्हा दर फेरीनंतर गाळणी उघडून झाडा, एरवी दिवसातून एकदा. पंपातला रबरी पंखा दर वर्षी नवा टाका आणि एक जास्तीचा बोटीवर ठेवा. तो पाण्याशिवाय मिनिटभर फिरला तरी पाती तुटतात आणि तुकडे पुढच्या नळीत अडकतात. म्हणून नवा बसवताना जुन्याची सगळी पाती मोजून घ्या. एखादं कमी असेल तर ते शोधल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा, शाफ्टला गुंडाळला की घर्षणाने वितळून कड्यासारखा घट्ट होतो आणि शाफ्टला आधार देणाऱ्या बुशाचं रबर कापतो. पंख्याचा आवाज बदलला किंवा सुकाणूला थरथर जाणवली तर इंजिन न्यूट्रलला आणा. पुढे-मागे गिअर मारून जाळं सुटत नाही, उलट आवळतं. नांगर टाका, इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवा, आणि मगच कोणाला तरी वाकडा विळा घेऊन मागे उतरवा.

शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथली ग्लँड डोरी (पाणी आत येऊ न देणारी भरणी) शेतातल्या मोठ्या पंपासारखीच भरायची असते. जुनी डोरी पूर्ण काढा, तळाशी एक वेटोळं राहिलं तरी नवी नीट बसत नाही. शाफ्टभोवती गुंडाळून प्रत्येक वेटोळं वेगळं कापा, काप ४५ अंशांत तिरका. एका वेटोळ्याचा जोड वर आला तर पुढच्याचा बाजूला, त्याच्या पुढच्याचा खाली. चार वेटोळी पुरतात. नट हातानेच आवळा, इंजिन चालू करा आणि पाण्याचे थेंब बघत पान्याने पाव-पाव फेरा द्या. चालत्या शाफ्टला मिनिटाला पाच-सात थेंब पडलेच पाहिजेत, तेच पाणी डोरीला गार ठेवतं. ‘एक थेंब गळत नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्याचा शाफ्ट वर्षभरात खाचलेला निघतो. ग्लँडवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

बाहेरच्या रबरी बुशात शाफ्ट हाताने उचलून बघा. ५० मिलिमीटरच्या शाफ्टला दीड मिलिमीटरच्या आसपास खेळ असेल तर बुश बदला. इंजिन आणि शाफ्टला जोडणारी कपलिंग मात्र बोट जमिनीवर असताना जुळवू नका. ठोकळ्यांवर बोटीचा आकार किंचित बदलतो. पाण्यात परत आल्यावर एक दिवस थांबा, मग कपलिंगच्या दोन्ही चकत्यांच्या (फ्लँजच्या) मध्ये फट मोजायची पातळ पट्टी (फिलर गेज) चारही बाजूंनी घालून बघा. १०० मिलिमीटर व्यासाला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.

इंजिनाबद्दल फार सांगायला नको, ट्रकचं इंजिन सगळ्यांना माहीत आहे. तेल आणि फिल्टर २५० तासांनी, डिझेलच्या गाळणीतलं पाणी रोज सकाळी.

रॅम्प

रॅम्प पडून माणूस चिरडण्याचा धोका असतो आणि तो जवळपास नेहमी वायररोपमुळे असतो. रोज हातमोजा घालून, हलकेच चिंधी फिरवत तार तपासा. तुटलेली तार चिंधीला अडकते. एका पिळाच्या लांबीत सहा तारा तुटलेल्या, किंवा एकाच पेडातल्या तीन, की दोर बदला. कप्पीवरचा भाग, जो दिसत नाही, तो रॅम्प खाली टाकून आवर्जून बघा. टोकाला क्लिपा निदान तीन हव्यात, दोन क्लिपांत दोराच्या व्यासाच्या सहापट अंतर, आणि यू-बोल्टची बाजू मोकळ्या टोकावर यायला हवी. उलट लावलेली क्लिप ताण घेणारा दोरच चेपते. बिजागरीच्या पिनांना दर आठवड्याला ग्रीस द्या. बोट चालू असताना रॅम्पला साखळीचा हूक लावलेला असलाच पाहिजे, दोर गुंडाळणाऱ्या नुसत्या विंचवर भरवसा नको.

वजन भरताना

आपली बोट वरून ४८ चौरस मीटरची आहे, म्हणजे ४८० किलो चढले की ती एक सेंटिमीटर खाली बसते. १८०० किलोची भरलेली जीप पावणेचार सेंटिमीटर, ३० माणसं साधारण साडेचार. आकडे छोटे वाटतात. खरा धोका वजन कुठे ठेवलं आहे आणि तळात किती पाणी आहे यात असतो. तळभर पाच सेंटिमीटर पाणी साचलं तर ते २४०० किलो भरतं, जीपपेक्षा जास्त. आणि हे वजन एका जागी राहत नाही. बोट डावीकडे किंचित कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून फेरीआधी प्रत्येक कप्प्याचं झाकण उघडून पाणी उपसलंच पाहिजे. विजेच्या पंपासोबत हातपंपही चालू स्थितीत हवा.

जीप आधी आणि बरोबर मध्यरेषेवर. हँडब्रेक, पहिला गिअर, दोन चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी. काचा उघड्या, आत कोणीही बसायचं नाही, म्हातारं माणूस असलं तरी हात धरून बाहेर आणा. मोटारसायकली दोन्ही बाजूंना सारख्या, प्रत्येक गाडी दोन दोरांनी कठड्याला बांधलेली, साइड स्टँडवर नाही. माणसं सगळ्यात शेवटी चढतात आणि काठ आला की सगळ्यात आधी उतरतात, पण रॅम्प टेकून बोट स्थिर झाल्यावरच. उतरण्याच्या घाईत सगळे एका कडेला गोळा होतात, त्या क्षणी बोट सगळ्यात जास्त कलते. ‘दादा, मावशी, रॅम्प टेकेपर्यंत बसूनच राहा’ हे चालकाने दर फेरीला मोठ्याने सांगायचं, माणसं रोजची असली तरी.

किती माणसं घ्यायची ते सर्वेक्षण प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे इंजिनाच्या बोटीला नोंदणी, सर्वेक्षण, विमा आणि प्रमाणपत्र असलेला चालक लागतो. महाराष्ट्रात हे काम मेरीटाइम बोर्डाकडे आहे. प्रमाणपत्रावरचा आकडा आणि पाणरेषेची पांढरी खूण बोटीवर ठळक रंगवा, म्हणजे ती काठावरूनही कोणालाही वाचता येईल. लाइफ जॅकेट माणसागणिक एक, मुलांची वेगळी. जुन्या जॅकेटचा फोम पाणी पितो. दर वर्षी कोरडं वजन करा, रात्रभर पाण्यात दाबून ठेवा, निथळू द्या आणि पुन्हा वजन करा. लक्षात येण्याइतका फरक असेल तर ते जॅकेट फेकून द्या.

वळीव

२१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगाव आणि कळाशीच्या दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. त्यात लहान मुलंही होती. हे पाणी ओलांडणाऱ्या प्रत्येकाने ती तारीख लक्षात ठेवली पाहिजे.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत दुपारी तीननंतर आकाश बघूनच दोर सोडा. वारा एकाएकी पडला, उकाडा दाटला, क्षितिजावर काळा ढग उभा राहिला आणि त्याच्या पायथ्याशी धुळीचा पट्टा दिसला, तर पलीकडचा काठ कितीही जवळ वाटो, निघू नका. तो वारा तुमच्यापर्यंत यायला दहा-पंधरा मिनिटंही लागत नाहीत. मोकळ्या पाण्यावर त्याला अडवायला काहीच नसतं.

मध्यावर गाठलंच तर बोटीचं तोंड वाऱ्याकडे करा आणि इंजिन फक्त तोंड टिकेल इतकंच ठेवा. काठ गाठायच्या नादात बाजू वाऱ्याला दिली की लाट आणि वारा दोन्ही एकाच कडेला मारतात. उन्हासाठी बांधलेली ताडपत्री ताबडतोब सोडा किंवा दोर कापून टाका, ती शिडाचं काम करते. सगळ्यांना खाली डेकवर बसवा, उभं कोणी नको, आणि जॅकेटचे पट्टे एकमेकांनी तपासा. पाण्यात पडलेल्याला फेकायची रिंग २५-३० मीटर दोरासह कठड्याला बाहेरून टांगलेली हवी, कुलपातल्या पेटीत नको.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की आणखी एक धोका वर येतो. पळसदेवच्या देवळासारखी बुडालेली बांधकामं आणि जुन्या गावांच्या भिंती, झाडांचे बुंधे पाण्याखाली हातभर अंतरावर येतात. पाणी कमी असताना रोजची वाट होडीने आणि बांबूने मोजून घ्या, अडथळ्यावर रिकाम्या कॅनची खूण बांधा, आणि जीपीएसवर त्याच वर्षाची वाट नोंदवा. मागच्या वर्षीच्या पातळीची वाट या वर्षी कामाची नसते.

रात्री बोट बांधताना

उतरत्या पाण्याच्या दिवसांत काठाला घट्ट बांधलेली बोट सकाळी एका बाजूने टेकून तिरकी झालेली सापडते. मागे नांगर टाकून बोट खोल पाण्यात ठेवा आणि पुढच्या दोराला ढील द्या. मग इंजिनाच्या कप्प्यात खुणा केलेली काठी उभी घाला आणि पाण्याची पातळी वहीत लिहा. सकाळी तीच काठी पुन्हा घाला. हा कप्पा ३ बाय ४ मीटरचा असेल तर रात्रीत एक सेंटिमीटर चढणं म्हणजे १२० लिटर पाणी आत आलं. इंजिन बंद असताना ग्लँडमधून एवढं येत नाही, म्हणजे कुठेतरी पत्र्यात किंवा वेल्डमध्ये वाट झाली आहे. ती सापडेपर्यंत त्या दिवशी माणसं चढवायची नाहीत.